तेरा माणसं, एक चूल आणि वीस तारखेला रिकामा डबा

थोरली_सून_सोलापूर

नमस्कार. दोन वर्षं इथं नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. घरातल्या कुणी वाचलं तर वाचू दे, आता पर्याय नाही.

आम्ही तेरा जण. सासू-सासरे, सासऱ्यांची विधवा बहीण (आम्ही आत्याबाई म्हणतो), आम्ही दोघं नि दोन मुलं, मधले भावजी, जाऊबाई नि त्यांची तीन मुलं, आणि लग्नाचे धाकटे भावजी. अक्कलकोट रोडच्या बाजूला चार खोल्या, वर पत्रा. चूल एक. अण्णा म्हणजे सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर वीस वर्षं यंत्रमागावर काढली, आता गुडघे नि साखर घेऊन घरी असतात.

कमाई अशी. आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात आहेत, पगार आठवड्याला, महिन्याचा धरून १८,०००. मधले भावजी नवी पेठेत कापड दुकानात, १४,०००. धाकटे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, ९,०००. मी घरी फॉल-पिको नि ब्लाउज शिवते, त्याचे ४,०००. सासूबाईंना विडी कारखान्याची पेन्शन येते हजारभर, ती आम्ही कुणी मागत नाही.

घरात येतात ते असे: यांचे १५,०००, मधल्यांचे ९,०००, धाकट्यांचे ३,०००, माझे ३,०००. एकूण ३०,०००. जातात ते: किराणा, धान्य, भाजी मिळून साडेचौदा हजार, दूध ५,४००, दोन सिलिंडर १,७५०, लाइट २,६००, अण्णांची औषधं १,२००, मुलांची शाळा नि रिक्षा ४,०००. केशरी कार्ड आहे, त्यावर धान्य येत नाही. कागदावर साडेपाचशे शिल्लक. प्रत्यक्षात वीस तारखेला मी भिशीच्या पैशाला हात लावते. मग जानेवारीत गड्ड्याची जत्रा, जूनमध्ये वह्या-पुस्तकं, तेव्हा तर बोलायचंच नाही.

मागच्या महिन्यात कोपऱ्यावरच्या दुकानातली आमची उधारीची वही पहिल्यांदा मागून घेतली. पानंच्या पानं: कुरकुरे ५, टोस्ट १०, शॅम्पू २, कुरकुरे ५, मशेरी १०, कुरकुरे ५. बेरीज २,३४०. मधेच लाल पेनने 'जमा ८००'. मागच्या पानावरही ८००, त्याच्याही मागच्या. मी तर कधी दिले नाहीत. दुकानदाराला विचारलं तर हसला, "घरातच विचारा की ओ वैनी."

खरं सांगते, माझा संशय जाऊबाईंवर आहे. त्यांची मुलं तीन, आमची दोन. पैसे मात्र आमचे जास्त. आतल्या आत फेडत असतील म्हणजे दिसू नये. आता तुम्ही सांगा, खर्च कुठं कापू? का चूल वेगळी करू?

आजी_साखरपेठ

बाळा, वहीतलं नंतर बघू, आधी बेरीज-वजाबाकी बघ.

आमचं सोळा माणसांचं घर मी एकतीस वर्षं सांभाळलं. तुझा खर्च वाचला, त्यात उधळपट्टी मला कुठं दिसली नाही. तेरा माणसांत साडेचौदा हजारांत खाणंपिणं म्हणजे काटकसरच आहे. चुकलीय ती वाटणी.

कागद घे. घरात एकूण कमाई ४५,०००. घराला लागतात ३०,०००. म्हणजे ज्याचं जेवढं कमावणं त्याचे तीन हिश्शातले दोन. तुझ्या नवऱ्याचे झाले १२,०००. मधल्यांचे ९,३००. धाकट्यांचे ६,०००. तुझे २,७००. बेरीज तीसच.

आता बघ. मधले आजच ९,००० देतात. म्हणजे ज्यांच्यावर तू जळतेस त्यांचा हिस्सा जवळपास बरोबर आहे, फरक तीनशेचा! तुझा नवरा तीन हजार जास्त देतोय आणि ते तीन हजार धाकट्याच्या खिशात राहतात. तीन पोरं नि दोन पोरं हे डोक्यातून काढ. डोकी मोजायला लागलीस तर उद्या अण्णांच्या गोळ्या कुणाच्या डोक्यावर टाकशील?

उरलेला तिसरा हिस्सा ज्याचा त्याचा. त्यातून कुणी साडी घेतली, कुणी हप्ता भरला, विचारायचं नाही. विचारलं की लपवणं सुरू होतं.

दुसरं, ज्वारी. महिन्याच्या महिन्याला किराण्यातून आणत असशील तर बंद कर. रब्बीची नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते, तेव्हा वर्षाची भरायची. मालदांडी घे, भाकरी मऊ राहते. २०१६ ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कुठल्याही पोत्यावर 'मंगळवेढा' लिहायला लागलेत, तेव्हा नाव बघू नको, दाणा बघ. मोत्यासारखा पांढरा, चावल्यावर कट्ट झाला पाहिजे. मऊ लागला तर ओल आहे, पोरकिडा लागणार. दोन-तीन कडक उन्हं द्यायची, पूर्ण गार होऊ द्यायची आणि मग कोठीत. गरम भरलीस तर झाकणाला आतून पाणी सुटतं. कडुनिंबाचा पाला पण सावलीत वाळवलेला, ओला नाही. दळण आठ दिवसांचंच, ज्वारीचं पीठ कडू होतं. एकदम पैसे नसतील तर भिशीचा नंबर फेब्रुवारीत मागून घे. भिशी त्यासाठीच असते.

जुळे_सोलापूरचा_गण्या

वैनी, शॅम्पूच्या पुडीवर उगंच डोळा ठेवू नका. पुडीवर किती मिली लिहिलंय ते वाचा नि बाटलीवरचं वाचा, भागाकार करा. मी केलाय, पुडीच स्वस्त पडली. आमच्या घरी मोठी बाटली आणली की पोरं डोक्यावर अर्धी ओततात बे, पुडी एकाला एक.

लाइटबिलाचं: शंभर युनिटच्या पुढचा दर दुपटीहून जास्त आहे, तीनशेच्या पुढं अजून वर. पण सगळ्या बिलाला तो दर लागत नाही, पुढच्या युनिटांनाच लागतो. म्हणजे शेवटची वाचवलेली युनिटं सगळ्यात महाग. तुमची शिलाई मशीन काय खात नाही. पाण्याची मोटर बघा. आपल्याकडं पाणी काही दिवसांआड येतं, आलं की टाकी भरून वाहतेय नि मोटर चालूच, कारण जो तो म्हणतो दुसरा बंद करंल. आम्ही एकालाच नेमलंय. म्हातारा बसतो खुर्ची टाकून.

आणि धाकट्या भावजीला सहा हजार एकदम मागू नका, पळून जाईल. लग्नाचं वय आहे, तो मोबाइलचा हप्ता भरत असणार. आठवड्याला हजार, मग बाराशे, मग पंधराशे. अण्णांकडून मागवा, तुम्ही मागितलं तर वैनी वाईट होते.

वेगळी_झालेली

मी उलटं सांगते. आम्ही तीन वर्षांपूर्वी चूल वेगळी केली, माझ्याच हट्टाने. आधी दोन सिलिंडर दोघींत लागायचे, आता माझा एकटीचा दीड. दूध फुटकळ, भाजी फुटकळ, दोन फ्रीज. महिन्याला चार हजार जास्त जातात आणि मला ते देणं परवडतं, कारण रात्री झोप लागते. तेव्हा 'एकत्र राहिलं की स्वस्त' एवढ्यावरच ठरवू नका. पण तुमचं भांडण धाकट्या दिराच्या तीन हजारांचं असेल तर त्यासाठी चूल फोडणं महागात जाईल. आणि जावेला ते ८०० विचारण्याआधी दहा वेळा विचार करा. मी विचारलं होतं. माझ्या भावाच्या लग्नालाही ती आली नाही.

थोरली_सून_सोलापूर

सगळ्यांना उत्तर द्यायला सव्वा महिना लागला, माफ करा.

आजींचा कागद मी तसाच उतरवून अण्णांपुढं ठेवला. अण्णांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला. रविवारी सगळ्यांना बसवलं. धाकटे भावजी गप्प. मग म्हणाले, मोबाइलचा हप्ता अठराशे आहे, चार महिने राहिलेत. गण्या भाऊ, तुम्हाला कसं कळलं? ठरलं असं की तोवर त्यांनी साडेचार हजार द्यायचे, पुढं सहा. राहिलेले दीड हजार तोवर आमचे हेच घालणार. मधल्या भावजींनी न सांगता ९,५०० आणून दिले. जाऊबाई माझ्याकडं बघत होत्या, मी भाजी निवडत होते.

मोटरीवर अण्णांना बसवलंय. बिल अजून आलं नाही. ज्वारीसाठी फेब्रुवारीचा नंबर मिळाला, पण एक जण आधीच मागून बसली होती, तिला माझे दोन ब्लाउज फुकट शिवावे लागले. कुरकुऱ्यांवर मात्र माझं काही चाललं नाही. शनिवारी जाऊबाई शेंगदाण्याची चटणी कुटतात, खलबत्त्यात, तेल सुटेपर्यंत, नि मुलं कडक भाकरीचे तुकडे त्यात बुडवून खातात. तेवढ्या दिवशी दुकानाकडं कुणी फिरकत नाही. बाकी सहा दिवस आहेतच.

आता ते ८००. मी जाऊबाईंना विचारलं नाही. पाच तारखेला दुपारी धागा आणायला निघाले तर दुकानाच्या पायरीवर सासूबाई बसलेल्या. पदराच्या गाठीतून नोटा काढून दुकानदाराला एकेक मोजून देत होत्या, विडीचे कट्टे मोजायच्या तशा, बोटाला थुंकी लावून. मला बघितलं नि म्हणाल्या, "माझ्या मशेरीचे देत होते." मशेरी वहीत महिन्याला ६० रुपयांची आहे.

मी म्हटलं, आई, चला, ऊन लागतंय.

घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं. त्या खाली बघून म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही देता."