टॅबवर सगळं हिरवं, कस्टमरकडून लॉट परत

रबाळे एमआयडीसीत आमचं सीएनसी शॉप आहे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं), 40 माणसं, मुख्य काम शाफ्टचं. दिवाळीनंतर मालकांनी कागदी शीट बंद करून प्रत्येक मशीनला टॅब लावले, दर तासाला 5 पीस मोजायचे नि रीडिंग भरायचं, ऑफिसात मोठा टीव्ही. रीडिंग मापात असलं की हिरवं, बाहेर गेलं की लाल. टीव्हीवर सगळं हिरवंगार, सीपीके (माप टॉलरन्समधे किती आरामात बसतं त्याचा आकडा) 1.67 च्या वर, आणि गेल्या महिन्यात ओडी (बाहेरचा व्यास) ओव्हरसाईज म्हणून अख्खा लॉट परत आला! मालक म्हणतात सॉफ्टवेअर फालतू, सॉफ्टवेअरवाला म्हणतो तुमच्या माणसांना ट्रेनिंग नाही. मी क्यूसीला (माल तपासणीला), मधल्यामधे दोघांच्या शिव्या खातोय. काय करू?

महापे_क्यूए:
आधी डेटा एक्सेलला काढ आणि रीडिंग नको बघूस, एंट्रीची वेळ बघ. दुसरं, मायक्रोमीटर कुठला? टॉलरन्स समजा ±0.02 मिमी आणि लीस्ट काउंट (मायक्रोमीटर दाखवतो ते सगळ्यात लहान माप) 0.01, म्हणजे पास होणारे आकडे पाचच, त्यातून कसला सीपीके काढतोस. एक मायक्रॉनचा घे. गेज आरअँडआर (मोजण्यातच किती फरक पडतो त्याची चाचणी) केलंय का कधी? 30% च्या वर आलं तर तो टीव्ही क्रिकेटला लावा.

प्रश्नकर्ता:
बघितलं भाऊ. तीन मशीनच्या आठही तासांच्या एंट्र्या 2:50 ते 3:00 मधे, शिफ्ट सुटताना. एकाला चहाला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणे, लाल पडलं की मशीन थांबवावी लागते, सकाळच्या मीटिंगला सगळ्यांसमोर उभं करतात, आणि इन्सेंटिव्ह तर नगावर आहे, मग लाल कोण भरणार.

वागळे_रिटायर्ड:
अरे बाळा, आमच्या वेळी रजिस्टरमधे हेच व्हायचं, आता टॅबमधे होतं एवढाच फरक. आमच्याकडे शेवटी शेवटी ब्लूटूथवाले गेज आणले होते, आकडा थेट जातो, हाताने भरायचाच नाही. पोरांनी एक चांगला पीस ड्रॉवरमधे ठेवला नि तोच पाच-पाच वेळा मोजला 😄 क्वालिटीचे गुरू डेमिंग, त्यांच्या 14 मुद्द्यांत आठवा भीती घालवा हाच आहे, तो काही उगाच नाही. टोयोटात ऑपरेटरने दोरी ओढली की टीम लीडर धावत येतो, आणि लाईन थांबते ती त्याच्याकडून वेळेत सुटलं नाही तरच. तुमच्याकडे लाल पडलं की आधी कोण येतं, मशीन सेट करणारा सेटर का मॅनेजर?

घणसोली_सेटर:
सेटर कुठून येणार काका, तीन शिफ्टला मिळून दोघं असतात. आणि हे सगळं मालकांना सांगणार कोण? ऑडिटला मात्र सगळ्यांना क्वालिटी पॉलिसी पाठ.

महापे_क्यूए:
क्वालिटीचं स्टँडर्ड आयएसओ 9001:2015, त्याचा पाचवा क्लॉज उघडून दाखव त्यांना, लीडरशिपची जबाबदारी टॉप मॅनेजमेंटवर टाकलीय, क्यूसीवर नाही. पण ऐकतील ते परत आलेल्या लॉटचा खर्च मांडलास तरच.

प्रश्नकर्ता:
खर्चाचा कागद ठेवला समोर. मालक तासभर बोलले नाहीत, मग म्हणाले एक आठवडा एकच मशीन, लाल पडलं तरी कोणी ओरडायचं नाही, नि त्या मशीनचा इन्सेंटिव्ह फिक्स. आठवड्यात 11 लाल आले, पोटात गोळा आला माझ्या. पण शनिवारी तो ऑपरेटर आपणहून सांगतोय की साहेब, इन्सर्ट (टूलची कापणारी टिप) 120 पीसनंतर घासतो नि ओडी वाढत जातो, आपण बदलतो 200 ला. दोन वर्षं माहीत होतं त्याला.