लग्नाने जात बदलत नाही

एका ताईंनी विचारलंय की माहेर कर्नाटकातलं कलबुर्गी, सासर लातूर, तर अनुसूचित जातीचा दाखला सासरच्या कागदांवर निघेल का? नाही. जात जन्माने, सहसा वडिलांकडून ठरते; सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या वल्सम्मा पॉल निकालाने लग्नातून आरक्षण मिळत नाही हे स्पष्ट केलं. दाखला माहेरच्या नावाने असला तरी चालतो, फक्त नावबदलासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र सोबत ठेवा.

खरी अडचण राज्य बदलण्याची आहे. दोन्ही राज्यांच्या यादीत जात असली तरी लग्न होऊन आलेल्या मुलीला महाराष्ट्र शासनाच्या भरतीत राखीव जागा मिळत नाही. त्याच न्यायालयाच्या 2018 च्या बीर सिंह निकालातही हेच सांगितलंय. मला हे फार जाचक वाटतं; गाव सोडल्याने जातीचा त्रास थोडाच सुटतो? पण केंद्राच्या अखिल भारतीय भरतीत कर्नाटकचाच दाखला चालतो, तिकडे जरूर अर्ज करा.

माहेर महाराष्ट्रातलंच असेल तर 10 ऑगस्ट 1950 (अनुसूचित जातींसाठी ठरलेली तारीख) पूर्वीचे वडील-आजोबांचे पुरावे शोधा: शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुकाची (गावातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल. सख्ख्या भावाचं किंवा काकांचं जात वैधता प्रमाणपत्र (जात पडताळणी समितीने दिलेलं) असेल तर आधी तेच मागून घ्या.