केसरबाईंच्या भैरवीनंतर ऐकू येणारे ब्लाइंड विली जॉन्सन कोण?

करवीरचा श्रोता:
नमस्कार. आमच्या कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेबांचा विषय निघाला, की त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रित तबकडीतून अवकाशात गेल्याचे कोणीतरी अभिमानाने सांगतेच. परवा त्या तबकडीतील संगीत क्रमाने ऐकले, तेव्हा भैरवीपाठोपाठ गिटार आणि नुसता हुंकार असलेली, ब्लाइंड विली जॉन्सन यांची रचना लागली. हे ब्लूज, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ऐहिक लोकगीतांचे, गायक होते का?

तबकडीवेडा:
जन्म १८९७, टेक्सास. लहानपणीच दृष्टी गेली. सावत्र आईने रागाच्या भरात डोळ्यांत दाहक क्षार फेकला, ही त्यांच्या पत्नीने पुढे सांगितलेली हकिकत आहे, तिला अन्य पुरावा नाही. रस्त्यावर गाऊन पोट भरणाऱ्या या माणसाने १९२७ ते १९३० या काळात कोलंबिया कंपनीसाठी ३० गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यानंतर मंदीत तबकड्यांचा धंदाच बसला आणि त्यांना पुन्हा ध्वनिमुद्रणाची संधी मिळाली नाही. १९४५ मध्ये बोमाँट येथे घर जळाल्यानंतर काही काळाने ते वारले. मृत्यूच्या दाखल्यावर मलेरियाच्या तापाची नोंद आहे.

आता आपला प्रश्न. त्यांची सगळी गाणी धार्मिक आहेत, म्हणून काटेकोर अर्थाने त्यांना ब्लूज गायक म्हणता येणार नाही. परंतु तारेवर नळी किंवा चाकू सरकवून स्वर ओढण्याची रीत आणि तो खरखरीत आवाज ब्लूजचाच आहे.

मींड:
वरील उत्तराला एक जोड देतो. डिसेंबर १९२७ मध्ये डॅलसला मुद्रित झालेल्या या रचनेचे ‘डार्क वॉज द नाइट’ हे शीर्षक ख्रिस्ताच्या अखेरच्या रात्रीवरील एका जुन्या भजनातून आले आहे, मात्र जॉन्सन त्यातला एकही शब्द उच्चारत नाहीत. स्वर अर्ध्यावर सोडतात आणि उरलेला गिटारकडून म्हणवून घेतात. आपल्याकडे विचित्रवीणेवर बट्टा (काचेचा गोळा) फिरवून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग ओढ, काढतात, त्याची आठवण होते. तरी मला हे सारंगीच्या साथीच्या अधिक जवळचे वाटते, फक्त इथे गवई आणि साथीदार एकच आहे.

करवीरचा श्रोता:
आभारी आहे. सारंगीचा उल्लेख वाचून पुन्हा ऐकले. पहिल्या वेळी ज्याला मी गिटारची सुरावट समजलो होतो, ते भजनाचे न उच्चारलेले शब्द होते तर.