शाळेतून ई-लर्निंगमध्ये: राजीनामा कधी टाकावा, नमुना काम काय दाखवावं?

डोंबिवली_स्लो
दुसरं सत्र नुकतंच सुरू झालंय. शाळा मुलुंडला, ट्रस्टची, विनाअनुदानित, राज्य मंडळाची. ९वी-१०वीला विज्ञान. बी.एस्सी. (रसायनशास्त्र), बी.एड. नोकरी ८ वर्षं ७ महिने, कायम. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता ३६,०००, पीएफ कापला जातो. इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण तयार करण्याच्या कामात जायचं आहे. राजीनाम्याची तारीख कशी ठरवायची? नेमणूकपत्रात एक महिन्याची नोटीस लिहिली आहे. ग्रॅच्युइटी मिळते का? शाळेत कुणी म्हणतं शिक्षकांना नसते. आणि मुलाखतीला दाखवायचं काय? जवळ आहेत त्या पाठांच्या टाचणवह्या आणि पीपीटी.

नियम_चाळीस
आधी तारखेचं बघू, लोक तिथेच अडकतात. विनाअनुदानित असली तरी मान्यताप्राप्त खाजगी शाळा आहे, म्हणजे १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ ची सेवाशर्ती नियमावली लागू. नियम ४० प्रमाणे कायम शिक्षकाला तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस, कायम नसलेल्याला एका महिन्याची. नेमणूकपत्रातल्या 'एक महिना'वर विसंबू नका.

खरी मेख त्याच नियमाच्या तिसऱ्या पोटनियमात आहे. सुट्टीत नोटीस देता येत नाही, नोटिशीच्या काळात सुट्टीचा कुठलाही भाग येऊन चालत नाही, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिन्याच्या आतही देता येत नाही. आता कॅलेंडर समोर घ्या. शाळा १५ जूनला उघडली तर जुलैच्या मध्यापर्यंत दार बंद. १६ जुलैला दिलेली नोटीस १५ ऑक्टोबरला संपते, आणि दिवाळी लवकर असेल त्या वर्षी तोवर सुट्टी अंगावर आलेली असते. दुसऱ्या सत्रात जागा ऐसपैस आहे: दिवाळीनंतर शाळा भरली की तिथून ३१ जानेवारीपर्यंत, कारण मग ३० एप्रिलला तीन महिने भरतात आणि मेची सुट्टी मध्ये येत नाही. तुमच्याकडे वर्ग एप्रिलच्या मध्यालाच सुटत असतील तर त्या दिवसापासून तीन महिने मागे मोजा. फेब्रुवारीत जाग आली तर थेट पुढचा जुलै.

कंपन्या मात्र ३० दिवसांत या म्हणतात. त्यावर वाट अशी: व्यवस्थापन राजी असेल तर जितके दिवस नोटीस कमी पडते तेवढ्या दिवसांचं वेतन भरून लवकर सुटता येतं. हे वेतन भत्ते वगळून धरायचं असतं. हिशेब एकूण पगारावर काढून दिला तर नियम ४० चा पहिला पोटनियम पुढे ठेवा. ही रक्कम नवी कंपनी भरते का, हे ऑफर लेटर हातात पडायच्या आधी विचारावं, नंतर विचारून उपयोग नसतो.

पत्राची रीत कायद्याच्या कलम ७ मध्ये दिली आहे. दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख; एक व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टाने, दुसरी आपल्याकडे. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलेलं पत्र म्हणजे व्यवस्थापनाला दिलेलं पत्र नव्हे, पत्ता संस्थेचा घाला. टपाल खात्याने १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे, म्हणून खिडकीवर स्पीड पोस्टला 'रजिस्ट्रेशन' जोडून मागा आणि पावती जपून ठेवा.

ग्रॅच्युइटी शिक्षकांनाही आहे. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षक ग्रॅच्युइटीच्या कायद्यात आले, तेही ३ एप्रिल १९९७ पासून मागे जाऊन, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. पाच वर्षं सलग सेवा हवी. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची ८ वर्षं ७ महिने म्हणजे ९ वर्षं. ३६,००० × १५ ÷ २६ × ९ = १,८६,९२३ रुपये. अर्ज लेखी करा. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. एक गोष्ट आजच तपासा: सगळी नेमणूकपत्रं काढून तारखा ओळीने लावा. काही ठिकाणी जून ते एप्रिल अशी दर वर्षी नवी नेमणूक दाखवलेली असते आणि 'सेवा सलग नाही' हा वाद नेमका निघताना उकरला जातो.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते, तुम्ही काठावर आहात. पेन्शनचे पैसे उचललेत की मोजणी पुन्हा शून्यावर. शाळेने नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः भरता येते.

हे वाचणारे कुणी अनुदानित शाळेत असतील तर त्यांनी ग्रॅच्युइटी-पीएफचा हा हिशेब स्वतःला लावू नये. तिथे शालार्थ (सरकारी पगार प्रणाली), एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आणि सरकारी सेवेचे नियम येतात, आणि राजीनाम्याने मागची सेवा धरली जाते की नाही हा प्रश्नच निराळा आहे.

स्टोरीलाइन_अंधेरी
टाचणवह्या घरी ठेवा. पीपीटीसुद्धा. शाळेतल्या धड्याचं सुंदर ॲनिमेशन पाहून मुलाखत घेणाऱ्याला एवढंच कळतं की समोर शिक्षक आहे, आणि ते त्याला बायोडेटावरून आधीच कळलेलं असतं. त्याला बघायचं असतं की नोकरीवरचा मोठा माणूस एखादं काम बरोबर करू लागेल असं तुम्ही काही रचू शकता का.

तीन नमुने पुरे: एक प्रसंगावर आधारित मॉड्यूल, एक साधा मजकूर-चित्रांचा कोर्स, आणि एक नुसता स्टोरीबोर्ड, म्हणजे कोर्सचा पडद्यागणिक लिहिलेला आराखडा. शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण सुरुवातीला बहुतेक काम तेच असतं.

उद्दिष्टापासून सुरू करा. बी.एड.मध्ये 'समजून घेतो', 'जाणतो' लिहायची सवय लागते, इथे ती क्रियापदं चालत नाहीत, कारण समजलं की नाही हे दिसत नाही. 'अग्निशामकाचे प्रकार समजून घेईल' नको. 'आग कशाला लागली आहे हे पाहून योग्य सिलिंडर निवडेल' हवं. विषय रसायनशास्त्राचाच आहे, पण शाळेचा राहिलेला नाही.

मग पडदा (कोर्समधली एक स्क्रीन) असा लिहायचा. पडदा ४. चित्र: सोसायटीचं मीटर रूम, दाराच्या फटीतून धूर, वॉचमन पाठमोरा. मजकूर: 'रात्रीचे ११.४०. मीटरच्या एका पेटीतून ठिणग्या येताहेत. तुम्ही काय उचलाल?' पर्याय: पाण्याची बादली, फोमचा सिलिंडर, सीओटूचा सिलिंडर. बादली निवडली तर 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' असं लिहायचं नाही. लिहायचं: 'पाणी चालू मीटरवर पडलं, आणि तेच पाणी आता तुमच्या चपलेखाली आहे.' फोमलाही तेच, त्यातही पाणी असतं. सीओटू निवडला की पुढचा पडदा: मेन स्विच सुरक्षितपणे बंद करता येतो का ते बघा, धूर दाट असेल तर आत शिरू नका, १०१ ला फोन करा. शेजारी आणखी तीन रकाने: निवेदन, क्लिक केल्यावर काय होतं, आणि डेव्हलपरसाठी सूचना. चित्र काढणारा आणि कोडिंग करणारा दोघेही तुम्हाला फोन न करता काम करू शकले तर स्टोरीबोर्ड जमला.

लांबी सहा मिनिटांच्या पुढे नको. इंग्रजी निवेदन मिनिटाला १३० ते १५० शब्द जातं, म्हणजे सगळं मिळून ८०० शब्द. शिक्षकांचा पहिला मसुदा हमखास याच्या दुप्पट होतो. तासाच्या शेवटी घंटा होईपर्यंत बोलायची सवय असते ना.

सॉफ्टवेअर: आर्टिक्युलेटची चाचणी आवृत्ती ३० दिवस फुकट मिळते. आधी ती सुरू करून मग विषय शोधत बसू नका. तिन्ही स्टोरीबोर्ड कागदावर पक्के झाल्यावर घड्याळ चालू करा. त्यातलं स्टोरीलाइन फक्त विंडोजवर चालतं, राइज ब्राउझरमध्ये. तयार कोर्स वेब आउटपुट म्हणून उतरवून स्वतःकडे ठेवा आणि स्क्रीनचं रेकॉर्डिंगही करा, कारण मुदत संपली की मूळ फाइल उघडत नाही.

कोर्स स्कॉर्म १.२ मध्ये (कंपन्यांच्या प्रशिक्षण प्रणालीत चालणारा ठरलेला फॉरमॅट) काढून स्कॉर्म क्लाउडच्या फुकट खात्यावर चढवा आणि शेवटपर्यंत चालवून बघा. नवख्यांची ठरलेली चूक इथे पकडली जाते: 'सगळे पडदे पाहिले की पूर्ण' अशी अट ठेवलेली असते आणि कोर्सला फाटे असतात. बरोबर उत्तर देणारा चुकीच्या उत्तराचे पडदे कधी बघतच नाही, त्यामुळे त्याच्या नावापुढे आयुष्यभर 'अपूर्ण' राहतं. पूर्णतेची अट शेवटच्या चाचणीच्या निकालाला किंवा ठरावीक पडद्यावरच्या ट्रिगरला बांधा. ही चूक करून, सुधारून, मुलाखतीत समजावून सांगता आली तर अर्धं काम झालं.

कोरा_बायोडेटा
वरचं सगळं बरोबर, फक्त टाचणवह्या घरी ठेवल्या तरी त्यातलं काम बायोडेटात आणा. 'विज्ञान शिकवले' ही ओळ काढून टाका. संविधान तक्ता (कुठल्या घटकावर किती गुणांचे प्रश्न, त्याचा आराखडा) करून प्रश्नपत्रिका काढणं म्हणजे मूल्यमापन रचना. वार्षिक आणि घटक नियोजन म्हणजे अभ्यासक्रम आराखडा. यू-डायस आणि सरल या सरकारी पोर्टलांवर शाळेची माहिती भरली असेल तर एक्सेलवर डेटा तपासणी. प्रत्येक ओळीत आकडा हवा: किती तुकड्या, किती विद्यार्थी, किती प्रश्नांची पेढी. 'बीएलओ ड्यूटी' (मतदार यादीचं काम) मात्र लिहू नका, कितीही घाम गाळलेला असला तरी.

निवड झाल्यावर पार्श्वभूमी तपासणीत घोटाळा होतो. तपासणारी एजन्सी शाळेच्या ईमेलवर लिहिते, तो डबा कुणी उघडत नाही, आणि पंधरा दिवसांनी 'पडताळणी झाली नाही' असा शेरा येतो. शाळेच्या ऑफिसमधल्या क्लार्कना आधी सांगून ठेवा, एजन्सीला शाळेचा लँडलाइन आणि कामकाजाची वेळ द्या. कार्यमुक्ती पत्र, अनुभव प्रमाणपत्र, फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट एका फाइलमध्ये ठेवा. मूळ प्रमाणपत्रं शाळेत जमा असतील तर ती राजीनाम्याच्या आधी परत घ्या.

पगाराचं एकदा कागदावर मांडून बघा. ६ लाख सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे महिना ५०,००० नव्हे. मूळ वेतन २५,००० धरलं तर कंपनीचा पीएफ ३,००० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के म्हणजे सुमारे १,२०० आधीच त्यात मोजलेले असतात. तुमचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेले की हातात सुमारे ४२,६००. त्यातही १० टक्के 'व्हेरिएबल' (कामगिरीवर मिळणारा भाग) असेल तर दरमहा आणखी ५,००० कमी. मेची सुट्टी नाही, दिवाळीला चार दिवस.

आणि डोंबिवलीहून ऑफिस कुठे हे ऑफर घेताना बघा. ऐरोली असेल तर ठाण्याला ट्रान्स-हार्बर लोकल पकडून काम भागतं. अंधेरी असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो, आणि सकाळी घाटकोपरचा पूल चढायची वेळ प्रवासात धरायची.

पिव्होट_टेबल
गणित-विज्ञानवाल्यांनी डेटा ॲनालिसिसकडेही बघायला हरकत नाही. एक्सेल, मग एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) जॉइन आणि ग्रुप बाय, म्हणजे तक्ते जोडणं आणि गटवार हिशेब, यावर हात बसेपर्यंत, मग पॉवर बीआय डेस्कटॉप, जे फुकट आहे पण फक्त विंडोजवर. सरावाला शाळेचा खरा निकाल वापरू नका. मुलांची नावं आणि आधार क्रमांक असलेली शीट नमुना म्हणून दाखवणारा उमेदवार तिथेच बाद होतो, आणि व्हायलाच हवा.

डोंबिवली_स्लो
सगळ्यांचे आभार. नेमणूकपत्रं काढली, मध्ये खंड नाही. एक शंका: डिसेंबरमध्ये आमच्याकडे नाताळचे आठ दिवस शाळा बंद असते. आत्ता नोटीस दिली तर ते दिवस 'सुट्टी'त धरतील का?

नियम_चाळीस
ते तुमच्या शाळेच्या वार्षिक सुट्ट्यांच्या यादीवर आहे. गणपतीच्या पाच दिवसांबाबतही हाच गोंधळ होतो. यादीत ते दिवस दिवाळी आणि उन्हाळ्यासारखे दीर्घ सुट्टी म्हणून दाखवलेत की नुसत्या सणाच्या सुट्ट्या म्हणून, ते ऑफिसमधून बघून घ्या आणि यादीची प्रत काढा. दीर्घ सुट्टी म्हणून असतील तर शाळा जानेवारीत उघडल्यावर पहिल्या दिवशी पत्र टाका. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोकळ्या व्हाल. नुसत्या सणाच्या असतील तर थांबायचं कारण नाही. पण पत्र टाकण्याआधी ऑफर लेटर हातात असू द्या, तोंडी 'हो' वर तारीख ठरवू नका.