मदत हवी आहे: जुन्या सायकेडेलिक बाजाचे नवे ऑकल्ट रॉक बँड सुचवा

मंडळी, धरमपेठेत ऑकल्ट रॉकचं, म्हणजे जादूटोणा-सैतान अशा गूढ विषयांवरच्या रॉकचं, घरगुती श्रवणसत्र ठरतंय, साधारण 90 मिनिटांचं. सुरुवात 1969 च्या कोव्हेनने आणि 1970 च्या ब्लॅक विडोने. त्यापुढे फक्त 2000 नंतरचे बँड हवेत.

यादीत आधीच आहेत: टोरांटोचा ब्लड सेरेमनी (गायिका आलिया ओ'ब्रायन बासरी आणि ऑर्गनही स्वतःच वाजवते), नेदरलँड्सचा द डेव्हिल्स ब्लड (2013 मध्ये बंद), केंब्रिजचा अंकल अ‍ॅसिड अँड द डेडबीट्स, फिनलंडचा जेस अँड द एन्शंट वन्स. घोस्ट हा बँड नको, गाणी छान, पण आवाज फार घासूनपुसून चकचकीत.

नेमकं काय हवंय? फझ गिटार (मुद्दाम फाटका, घरघरता केलेला आवाज), व्हॉल्व अ‍ॅम्पचा (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अ‍ॅम्पचा) उबदार खरखरीतपणा, हॅमंड ऑर्गन किंवा मेलोट्रॉन (टेपवर मुद्रित केलेले स्वर वाजवणारा जुना कीबोर्ड), आणि ड्रम्स असे की खोलीत वाजताहेत असं वाटावं. कॉम्प्रेशन (आवाजाचे चढउतार दाबून सपाट करणं) जास्त असलं की हळू-मोठ्यातला फरकच जातो. मग कितीही रिव्हर्ब (घुमारा) ओता, सत्तरचं दशक येत नाही. नुसतं डूम (संथ, जडशीळ मेटल) नको, चाल गुणगुणता आली पाहिजे. गुरगुरणारा आवाज तर नकोच.

बासरी किंवा ऑर्गन पुढे असलेले आणखी कोण? इंग्रजीबाहेरच्या भाषांत गाणारे असतील तर आधी ते सांगा. बँडसोबत एक अल्बम आणि सुरुवातीला ऐकायचं एक गाणंही लिहा, नुसत्या नावांनी भागत नाही. रेकॉर्डवर मिळतं का, तेही कळवा. मात्र मे महिन्यात कुरिअरने मागवायचा सल्ला नको, नागपूरच्या उन्हात बंद गाडीत तबकडीचा पापड होतो.