काम आपले, मोबाइल दुसऱ्याचा : नाशिक जिल्ह्यातील अनुभव

धागा सुरू करताना (गंगापूर रोड, नाशिक)

२०२५ च्या सप्टेंबरमधील गोष्ट आहे. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी काम आटोपल्यावर दारातच घुटमळल्या. लाडकी बहीण योजनेचे ई-केवायसी (आधारवरून होणारी ऑनलाइन ओळख-पडताळणी) सुरू झाले होते आणि त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. त्यांच्या आधारला जोडलेला क्रमांक मुलाकडे, तो अंबडच्या कारखान्यात पाळीवर. आणि योजनेला पतीच्या आधारचाही ओटीपी हवा होता, तर ते गावी. मी माझ्या मोबाइलवर संकेतस्थळ उघडले, मुलाला फोन लावला, त्याने यंत्राशेजारून ओरडून सहा आकडे सांगितले, तोवर त्यांची मुदत संपली होती. चौथ्या खेपेला जमले. महिन्याचे दीड हजार रुपये मावशींच्या नावावर येतात, पण ते चालू राहावेत यासाठी तीन माणसांचे तीन मोबाइल एकाच वेळी जागे असावे लागले.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) देशातील शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती, ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्क्यांकडे. त्यानंतर चित्र पुष्कळ बदलले आहे. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा (२०१९-२१) आकडा मला अधिक बोलका वाटतो : इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के आणि स्त्रिया ३३ टक्के. घरात मोबाइल असणे निराळे आणि तो घरातील बाईच्या हातात असणे निराळे.

म्हणून प्रश्न एवढाच ठेवते. तुमचे काम कधी दुसऱ्याच्या मोबाइलवरून झाले आहे का, किंवा दुसऱ्याचे तुमच्या? सविस्तर लिहावे, कार्यालयांची आणि माणसांची नावे मात्र नकोत.

जिल्हा परिषद शिक्षक, पेठ तालुका

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी पेठ तालुक्यातील एका दोनशिक्षकी शाळेवर होतो. पालकांचा व्हॉट्सॲप गट करण्याची सूचना आली, तेव्हा मी इमानेइतबारे घरोघरी फिरून क्रमांक गोळा केले. निम्म्या घरांत फोनच नव्हता, आणि ज्या मोजक्या घरांत स्मार्टफोन होता तेथे तो वडिलांबरोबर सकाळी बाहेर पडे आणि हंगाम आला की द्राक्षबागांच्या कामाला महिनोन् महिने दिंडोरी-निफाडकडे निघून जाई. गावात रेंज मिळे ती देवळामागच्या टेकाडावर, तीही उभे राहून. सुरगाण्याच्या सीमेकडील एका सहकाऱ्याची तर आणखी मौज होती : त्याचा फोन पलीकडचा टॉवर पकडे आणि फोन लागत नसल्याचे त्याला गुजरातीतून ऐकावे लागे.

पाचवीतील एका मुलीने पाठवलेला गृहपाठाचा फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात वहीचे अर्धेच पान आले आहे. उरलेल्या भागात तिचा अंगठा, सारवलेला ओटा आणि एक कोंबडी आहे. तो रात्री साडेअकराला आला, कारण वडील कामावरून परतल्यावर फोन मोकळा झाला आणि मग थोरला भाऊ टॉर्च घेऊन टेकाडावर गेला. अपूर्णांकांची ती पाच गणिते मला नीट वाचता आली नाहीत, तरी मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

जुलैपासून मी नाशिकहून झेरॉक्स काढून सावळघाटाने वर जाऊ लागलो आणि पाड्यापाड्यावर कोणाच्या तरी पडवीत मुलांना बसवू लागलो. किती मुलांपर्यंत ऑनलाइन शिक्षण पोहोचले याची माहिती मात्र दर आठवड्याला ऑनलाइन भरायची असे, आणि ती मला नाशिकच्या घरी परतल्यावरच भरता येई.

सॉफ्टवेअर अभियंता, इंदिरानगर

वरील अनुभव वाचून मला माझी बाजू लिहावीशी वाटते, आणि ती मिरवण्यासारखी नाही. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले तेव्हा कोविन संकेतस्थळावर नोंदणी करून वेळ आधी ठरवणे बंधनकारक होते. शहरातील केंद्रांच्या वेळा उघडताक्षणी संपत. माझ्याकडे घरी ब्रॉडबँड होते, दोन मोबाइल होते आणि बोटे वेगाने चालवण्याचा धंदाच होता. मी पिनकोड बदलत बदलत जिल्हाभर शोधले आणि मला त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर जागा मिळाली.

सकाळी तेथे पोहोचलो तर आवारात दहा-बारा मोटारी लागलेल्या होत्या आणि सगळ्या शहरातल्या. गावातील पाच-सहा तरुण कुंपणापाशी उभे होते. त्यांच्यापैकी एकाने मला विचारले, "साहेब, तुम्हाला नंबर कसा लागला?" मी त्याला मोबाइलवर सगळे दाखवू लागलो, आणि तेथे रेंजच नव्हती, त्यामुळे माझ्याही पडद्यावर ते पांढरे चक्र फिरत राहिले. मी आत जाऊन लस घेतली. तिला त्या तरुणांच्या वाट्याची लस म्हणणे कदाचित काटेकोरपणे बरोबर नसेल, पण मला तसेच वाटते. २४ मे रोजी या वयोगटासाठी केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची मुभा मिळाली आणि ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीकडे बोट दाखवले. माझा पहिला डोस तोवर होऊन गेला होता.

कांदा उत्पादक, चांदवड तालुका

आमच्याकडे रेंज आहे, मोबाइल आहे, मुलगा पदवीधर आहे. तरीही फटका बसला, म्हणून लिहीत आहे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी पीकपेरा तलाठी लिहीत, आता शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो ॲपमध्ये चढवायचा. कल्पना वाईट नाही, कारण तलाठी किती बांध फिरत असत हे आम्हालाही ठाऊक आहे. पण मुलगा पुण्याला नोकरीला, माझ्या फोनची जागा भरलेली, आणि ॲप दुपारी उघडले तर सर्व्हर बंद. राहून गेले.

पुढे २०२३ मध्ये कांद्याचे भाव कोसळल्यावर सरकारने क्विंटलला ३५० रुपये, तेही कमाल २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्यासाठी ते होते आणि सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीतून कांद्याची नोंद असावी, अशी अट होती. माझ्याकडे लासलगावच्या बाजार समितीतील लिलावाच्या पावत्या होत्या, काटापट्टी होती, चाळीत उरलेला कांदा होता. फक्त नोंद नव्हती, त्यामुळे कागदोपत्री मी कांदा पिकवलाच नव्हता. माझ्यासारखे असंख्य निघाले, आरडाओरडा झाला आणि गावपातळीवरील समितीने पाहणी करून पीक होते असे लिहून द्यावे, असा मार्ग काढावा लागला. तोवर शेतात दुसरे पीक उभे होते. समितीने काय पाहिले असेल ते वाचकांनी समजून घ्यावे.

दृष्टिहीन नोकरदार, सातपूर

दरी म्हटली की टॉवर आणि पैसा एवढेच डोळ्यांपुढे येते (हा वाक्प्रचार मीही वापरतो). माझ्याकडे चांगला मोबाइल आणि वेगवान इंटरनेट आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी सोय वापरून मी कार्यालयाचे सगळे काम करतो. पण बँकेचे ॲप उघडले की ती सोय मला "लेबल नसलेले बटण, लेबल नसलेले बटण" एवढेच सांगते, आणि त्यांतील कोणते बटण पैसे पाठवते व कोणते रद्द करते, हे मी घरच्या माणसाला विचारायचे. शासकीय कागद मराठीत मिळतो याचा आनंद व्हावा, तर तो स्कॅन केलेला असतो, म्हणजे माझ्यासाठी कोराच. किंवा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये, मग फोन शुद्ध मराठी मजकूर इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांच्या कचऱ्यासारखा वाचत सुटतो.

एकदा घरबसल्या केवायसी करताना मला डोळे मिचकावून दाखवण्यास सांगण्यात आले. चेहरा चौकटीत आहे की नाही हे मला कळेना आणि पापण्या मिचकावल्या तरी ॲपचे समाधान होईना. शेवटी बायकोने मागून माझे डोके दोन्ही हातांनी धरून चौकटीत ठेवले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सोयी मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला आणि अशा केवायसीला पर्याय देण्यास सांगितले. तो निकाल मी मात्र स्वतःच, कोणाची मदत न घेता वाचला, कारण त्याची फाइल वाचता येण्याजोगी होती.

विद्यार्थिनी, फुलेनगर, पंचवटी

माझे थोडक्यात आहे. महाविद्यालयाची ऑनलाइन परीक्षा मी आईच्या मोबाइलवर देत होते. पेपर अर्ध्यावर असताना तिच्या शेठाणीचा फोन आला आणि पडदा बंद झाला. पुन्हा आत शिरेपर्यंत अकरा मिनिटे गेली.

ई-सेवा केंद्रचालक, त्र्यंबकेश्वर तालुका

आपण ज्या "दुसऱ्याच्या मोबाइल"विषयी लिहीत आहात, तो बहुतेक वेळा माझा असतो. दाखले, शेतकरी ओळखपत्र, शिष्यवृत्ती, योजनांचे अर्ज, सगळे येथून होते. सर्वांत मोठी अडचण ओटीपीची नसून रिचार्जची आहे. मजूर माणूस काही महिने रिचार्ज करत नाही, सिम बंद पडते, तो क्रमांक पुढे दुसऱ्याच कोणाला मिळतो, आणि याचे आधार त्या परक्या माणसाच्या फोनला जोडलेले राहते. क्रमांक बदलायला आधार केंद्रावर जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि त्या दिवसाचा रोज बुडतो. गेल्या वर्षी एक विधवा बाई आल्या; लाडकी बहीण योजनेच्या पानावरील पतीचा किंवा वडिलांचा ओटीपी मागणाऱ्या चौकटीकडे बोट दाखवून त्यांनी मला विचारले, "येथे काय टाकायचे?" पती वारले, वडीलही वारले, आणि चौकट भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. अशा बायकांसाठी वेगळी सोय नंतर झाली, त्या दिवशी ती नव्हती.

लोक माझ्यावर विश्वास ठेवतात आणि त्याची मला भीती वाटते. माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. तीत नाव, आधारचा क्रमांक, खाते क्रमांक आणि शेवटच्या रकान्यात पासवर्ड, कारण पुढच्या वर्षी ते त्यांच्या लक्षात राहणार नसतात. बहुतेक पासवर्ड मीच तयार केलेले आहेत. गावाचे नाव आणि एक दोन तीन. हे चुकीचे आहे हे मला कळते. एकदा मी ती वही बंद करून ज्याचा पासवर्ड त्याला चिठ्ठीवर लिहून देऊ लागलो. पहिल्या पावसानंतर लोक चिठ्ठ्या घेऊन परत आले, त्या कमरेच्या पिशवीत भिजून शाई पसरलेली होती. मी वही पुन्हा सुरू केली. ती मी केंद्रात ठेवत नाही. रोज संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मोटारसायकलच्या डिकीतून घरी नेतो आणि सकाळी परत आणतो.