जुन्या घरावर खोली, बंद गॅलरी, कंपाउंड: परवानगी कशाकशाला?

प्रश्न (घरमालक_६२): नगरपरिषद हद्दीत मंजूर लेआउटमधला १४० चौ.मी. बिनशेती प्लॉट, समोर ६ मी. रस्ता. तळमजला ७० चौ.मी. आता वर ३० चौ.मी. खोली, गॅलरी विटांनी बंद, कंपाउंड, घरभर नवी फरशी आणि मागचा उंचवटा खोदून सपाट करायचाय. मिस्त्री म्हणतो, "आपल्याच जागेत करतोय, काही लागत नाही."

ओळंबा: मिस्त्रीचं फरशीपुरतं खरं. एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्राचा नगररचना कायदा) कलम ४३ मधून देखभाल-दुरुस्ती वगळली आहे, पण बाहेरचं रूप फारसं बदलत नसेल तरच. वरची खोली त्यात येत नाही. यूडीसीपीआर २०२० (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) मध्ये १५० चौ.मी.पर्यंतच्या प्लॉटला सवलत आहे: कागदपत्रं, नकाशा, शुल्क भरून सूचना द्यायची, त्याची पावती हीच परवानगी. "परवानगी नको" असा त्याचा अर्थ लोक काढतात, तिथेच फसतात. ९ मी.पेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) १.१, म्हणजे तुम्हाला १५४ चौ.मी. क्षेत्रफळ अडणार नाही. अडलं तर सामासिक अंतरात, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या जागेत.

आरसीसी_वाला: गॅलरी किरकोळ समजू नका. बंद केली की बाहेरचं रूप बदलतं, नकाशात दाखवावीच लागते. शिवाय ९ इंची विटांची ९ फूट उंच भिंत म्हणजे लांबीच्या मीटरमागे सव्वा टन वजन, तेही कॅन्टिलिव्हरच्या (एकाच बाजूने आधार असलेल्या, बाहेर काढलेल्या स्लॅबच्या) टोकाला. स्लॅब मुळाशी वरून तडकतो, कारण सळई तिथे वरच्या बाजूला असते आणि कामाच्या वेळी बहुधा पायाखाली दबलेली असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. बंद करायचीच तर ॲल्युमिनियम-काच.

मोजणीदार: कंपाउंडची उंची समोरच्या रस्त्याच्या पातळीपासून १.५ मी.पर्यंत. २.४ पर्यंत न्यायचं तर वरचा भाग जाळीचा. आधी मोजणीच्या खुणा पक्क्या करा, भिंत वीतभर शेजाऱ्याकडे गेली की परवानगीचा कागद उपयोगी पडत नाही.

उंचवट्याचा मुरूम त्याच प्लॉटमध्ये भरावाला वापरलात तर रॉयल्टीचा (माती-मुरुमासाठी सरकारला द्यायच्या शुल्काचा) प्रश्न सहसा येत नाही (सर्वोच्च न्यायालय, २०१४). ट्रॉली बाहेर निघाली की तहसीलचा परवाना हवा, नाहीतर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड.

ओळंबा: एक राहिलं. सूचना देण्याआधी जुन्या मंजूर नकाशाची आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत काढा. तळमजलाच नकाशाबाहेर गेला असेल तर वरच्या खोलीआधी तो नियमित करून घ्यावा लागेल.